थांबलेलं म्हणजेच संतुलित? सातवी-आठवीसाठी बलाचं साहित्य बनवतानाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

शाळा येवला तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. सातवी-आठवी मिळून एकवीस मुलं आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. आठवीचा ‘बल व दाब’ आज सुरू केला, सातवीलाही सोबत बसवून घेतलं. सुरुवातीलाच फळ्यावर प्रश्न लिहिला: मनमाडच्या सरळ रस्त्याला एस.टी. एकाच वेगानं चालली आहे. तिच्यावरची बलं संतुलित (म्हणजे एकमेकांना पुरती खोडून काढणारी) की असंतुलित?

एकोणीस जणांनी असंतुलितला हात वर केला. उरलेल्या दोघांनी कशालाच केला नाही. कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच, “चाललीय ना बाई!”

मग पुस्तकातली खोक्याची कृती घेतली. चपलांचं रिकामं खोकं टेबलावर, दोन्ही बाजूंना दोरा, दोरे टेबलाच्या कडेवरून खाली आणि टोकाला द्रोणांची पारडी. दोन्हीकडे दहा-दहा गोट्या. खोकं हललं नाही, छान. आता एकीकडे पाच वाढवल्या. तरी हललं नाही. आणखी पाच. नाही. एकीकडे दहा आणि दुसरीकडे तेवीस झाल्या तेव्हा कुठं खोकं सरकलं, ते पण असं झटक्यात की पारडं जमिनीवर आपटून गोट्या वर्गभर.

गोट्या सांडण्याआधी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला होता, “मग दहा आणि पंधरा म्हणजे पण संतुलितच ना बाई? हलत तर नाही.” मी म्हटलं, नाही रे, ते घर्षणामुळं हलत नाही, आणि पुढं गेले.

रात्री भाकरी करताना लक्षात आलं की तो बरोबर होता. घर्षण हेही बलच आहे. एकीकडे पंधरा गोट्यांचं वजन, दुसरीकडे दहा गोट्यांचं वजन अधिक पाच गोट्यांइतकं घर्षण. हिशोब जुळतो, म्हणून खोकं जागेवर. मी त्याला चुकीचं ठरवून बसवलं.

७ जानेवारी, मंगळवार

आधी त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं की तुझं बरोबर होतं. मग कॅरमची बोरिक पावडर टेबलावर भुरभुरली. आता सहा गोट्या जास्त झाल्या की खोकं सरकतं. आधी तेरा लागत होत्या, म्हणजे घर्षण निम्म्याहून कमी झालं, हे मुलांनीच काढलं.

करणाऱ्यांसाठी सूचना: पावडर टेबलावरून फरशीवर सांडते. शहाबादीवर बोरिक पावडर म्हणजे साबणाचं पाणी. दोन मुलं सरळ आडवी झाली, लागलं नाही नशिबानं. फरशी पुसण्यात अर्धा तास गेला. आधी खाली गोणपाट टाका.

९ जानेवारी, गुरुवार

आजची चूक मोठी आहे आणि पुष्कळ ठिकाणी शिकवताना होत असणार, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या महिन्यात बॅगा तोलायचा डिजिटल काटा मागवला होता, ३८० रुपये. तो इथं निरुपयोगी. वजन स्थिर होईपर्यंत तो आकडा देत नाही आणि एकदा दिला की तोच धरून बसतो. आपल्याला तर बदलता आकडा पाहायचा आहे. म्हणून दोन साधे स्प्रिंगचे ताणकाटे घेतले, दीडशेला एक. प्रत्येकी पाच किलोपर्यंत मोजणारे.

दोघांचे हूक एकमेकांत अडकवले. एक काटा एका मुलाच्या हातात, दुसरा दुसऱ्याच्या. मी ऐटीत सांगितलं, सारखं ओढलं की दोन्ही काटे सारखे दाखवतील, आणि एकानं जास्त ओढलं की त्याचा काटा जास्त दाखवेल. सुरू झालं. दोन्ही दोन किलो. मग आठवीतल्या दांडग्यानं सातवीतल्या बारक्याला वर्गाच्या दारापर्यंत फरपटत नेलं. सगळे काट्यांवर वाकलेले. दोन्ही सारखेच! तीन किलो, तीन किलो.

“बाई, तो ओढत नेतोय तरी काटे सारखेच.”

मला उत्तर आलं नाही. काटे बिघडलेले असतील म्हणाले. काटे ठणठणीत होते, बिघडलेली मी होते. दोन हूक एकमेकांत अडकले की पहिला दुसऱ्याला जितकं ओढतो तितकंच दुसरा पहिल्याला ओढतो. कोण जिंकतंय त्याचा इथं काही संबंध नाही. ती दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत. संतुलित-असंतुलित हा हिशोब एकाच वस्तूवर लागणाऱ्या बलांचा. दोन काट्यांच्या मधे वस्तूच नव्हती, मग मी कोणाचा हिशोब दाखवत होते?

१० जानेवारी, शुक्रवार

मधे वस्तू घातली. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून चार जुनी बेअरिंग फुकट मिळाली. पोरं उतारावर खेळायला बनवतात तसली बेअरिंगची गाडी केली. जाड फळी, खाली दोन लाकडी दांडे, दांड्यांच्या टोकांना बेअरिंग ठोकलेली. वर दोन विटा. पुढं एक काटा, मागं एक काटा.

गाडी जागेवर धरली तर दोन्ही दीड-दीड किलो. पुढच्यानं जोर लावला, गाडी निघाली, आणि निघताना पुढचा काटा मागच्यापेक्षा चारशे ग्रॅमनं पुढं गेला. क्षणभरच. पण सगळ्यांनी पाहिलं, कारण प्रत्येक काट्याजवळ एक जण मोठ्यानं आकडे वाचत होता.

नंतर काटे वाचणारी मुलगी म्हणाली, “आता परत जवळजवळ सारखेच आलेत.” तोपर्यंत गाडी व्हरांड्यातून संथ चालत होती, ओढणारे एका चालीनं चालत होते. फरक दीडशे ग्रॅमच्या आसपास. मी “हो, काटा हलतोय म्हणून” असं काहीतरी बोलून सोडून दिलं.

ती बरोबर होती. हे कळायला मला पुढं पाच दिवस गेले. या वहीत माझ्यापेक्षा मुलंच जास्त वेळा बरोबर निघाली आहेत, त्याला इलाज नाही.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. येवल्यात तीन दिवस कोणी जमिनीवर नसतं, सगळं गाव गच्चीवर. आमची निम्मी मुलं येवल्यात मामाकडे. मीही बहिणीच्या गच्चीवर होते. हलकडी वाद्याचा आवाज आणि जिकडं तिकडं आसाऱ्या, म्हणजे मांजा गुंडाळायच्या चकऱ्या. शाळेतले तिघे भेटले, तर तिथंच शिकवणी काढली. पतंग हवेत खिळल्यासारखा उभा होता.

“यावर कोणती बलं?”

वजन खाली, वारा वर ढकलतो, इथवर जमलं. मांजाबद्दल तिघंही म्हणाले की तो पतंगाला वर धरून ठेवतो. मी एकाला म्हटलं, मांजाखाली बोट धर. बोट धरल्यावर त्याला कळलं की मांजा पतंगाला आपल्याकडं, म्हणजे खालीच ओढतोय. मग पतंग कटल्यावर वर का जात नाही, हा त्याचा प्रश्न. तेवढ्यात शेजारच्या गच्चीनं उत्तर दिलं. आमचा पतंग काटला गेला आणि वाऱ्याबरोबर गोते खात वाहत गेला. मांजा होता म्हणून पतंग वाऱ्यापुढं तिरका उभा राहत होता आणि वारा त्याला उचलत होता. एक बल गेलं, बाकीच्यांचा मेळ मोडला.

घरी येताना मात्र एक गोष्ट टोचली. खोकं, जागेवरची गाडी, पतंग. मी संतुलित बलाची दाखवलेली प्रत्येक वस्तू थांबलेली होती. मग मुलांना ‘संतुलित म्हणजे थांबलेलं’ वाटलं यात नवल काय? खरं तर बलं संतुलित असली की थांबलेली वस्तू थांबून राहते आणि चालती वस्तू त्याच वेगानं चालत राहते. चालत्या गाडीवरचे जवळजवळ सारखे काटे (उरलेला फरक घर्षणाचा) समोर होते आणि मी ते टाळून पुढं गेले होते. आता एकच ठरवलं: चालत राहणारी, तरीही संतुलित अशी वस्तू डोळ्यांना दाखवायची.

१८ जानेवारी, शनिवार

पहिला प्रयत्न जुन्या सीडीचा. सीडीच्या भोकावर बाटलीचं झाकण चिकटवायचं, झाकणाला छोटं भोक, वर फुगवलेला फुगा. हवा खालून सुटते, सीडी हवेच्या पातळ थरावर तरंगते, टिचकी मारली की घर्षणाशिवाय सरळ जात राहायला हवी.

गेली, पण सरळ नाही. कुठूनही सोडा, वळून गटारीकडंच! गवंडीकाम करणाऱ्या पालकांकडून पाण्याची लेव्हल नळी आणली. व्हरांड्याला दहा फुटांत दीड इंच उतार निघाला, पावसाचं पाणी जायला मुद्दाम ठेवलेला. वर्गात नेलं तर शहाबादीच्या सांध्यात सीडी अडकते. कॅरमबोर्डावर चांगली चालते, पण दोन-अडीच फुटांत कड येते आणि फुगा दहा सेकंदांत संपतो.

उतारावर सीडी वेग घेत जाते, हे असंतुलित बलाला उत्तम उदाहरण, म्हणून ठेवून दिलं. माझं काम झालं नाही. शनिवारची सकाळ गेली.

२५ जानेवारी, शनिवार

कप्पीवर आले. दोरीच्या दोन टोकांना सारख्या वजनाच्या बाटल्या, दोरी कप्पीवरून. दोन्हीकडचं वजन सारखं, म्हणजे संतुलित. आता हलका धक्का दिला तर एक बाटली एकाच वेगानं खाली जात राहायला हवी. केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुड यांनी १७८४ साली छापलेल्या पुस्तकात याच जातीच्या यंत्राचं वर्णन आहे. माणूस घर्षणाला इतका वैतागलेला होता की त्यानं मुख्य चाकाचा आस चार छोट्या चाकांवर टेकवला होता. मी मात्र हार्डवेअरमधून लोखंडी कप्पी आणली, १४० रुपये.

थंड पेयाच्या दोन छोट्या बाटल्या, वाळू भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर ४०० ग्रॅम प्रत्येकी. कप्पी व्हरांड्याच्या पत्र्याच्या अँगलला टांगली. धक्का दिला. बाटली वीतभर खाली गेली आणि थांबली. पुन्हा, पुन्हा, तेच. एका बाटलीवर वॉशर टाकत गेलो तर ५५ ग्रॅम टाकल्यावर हलली. विहिरीला चालेल अशी ती कप्पी, आमच्या कामाची नाही. १४० रुपये पाण्यात.

१ फेब्रुवारी, शनिवार

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीखाली खाच असलेली छोटी चाकं असतात, त्यांना रोलर म्हणतात. वीस रुपयांचे दोन आणले. लावल्यावर कळलं की त्यात बेअरिंग नाही, नुसती प्लॅस्टिकची बुश. ३० ग्रॅम लागले. मागताना “बेअरिंगवाला” असं स्पष्ट म्हणा आणि दुकानातच बोटानं फिरवून बघा.

बेअरिंगवाले दोन, ४५ रुपयांना एक. दोन का? कारण रोलर तीन सेंटीमीटरचा आणि बाटली साडेपाच सेंटीमीटर जाड. एकाच रोलरवर दोन्ही बाटल्या बरोबरीला आल्या की एकमेकींवर आदळतात. हे लावून झाल्यावर कळलं. म्हणून फळीच्या पट्टीवर दीड फुटाच्या अंतरानं दोन रोलर बसवले.

नवे रोलर ११ ग्रॅमला हलले. बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं, दरवाज्याच्या वजनाला ते ठीक, चारशे ग्रॅमच्या बाटलीला जड. रॉकेल आता कुठं मिळतं? दुचाकीतलं थोडं पेट्रोल काढून रात्रभर बुडवून ठेवले (मुलांच्या हातात देऊ नका, आणि स्वयंपाकघराच्या बाहेर). सकाळी सुकवून शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. हलायला ६ ग्रॅम.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रोलर सुधारले तर नवीनच भूत. धक्का दिला की बाटली एकाच वेगानं जाण्याऐवजी खाली जाता जाता पळतच सुटते. दोन्ही बाटल्या पुन्हा तोलल्या, चारशे-चारशे. मुलं म्हणाली, बाई, संतुलित नाहीये.

दोरी! कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी वापरली होती. काट्यावर ठेवली तर तीन मीटरचे २४ ग्रॅम, म्हणजे मीटरला आठ. बरोबरीपासून एक बाटली मीटरभर खाली गेली की तिच्याकडं दुसरीपेक्षा दोन मीटर दोरी जास्त होते. सोळा ग्रॅम फुकटचे तिच्या बाजूला. लोखंडी कप्पीच्या घर्षणात हे सोळा ग्रॅम लपून गेले होते. घर्षण कमी केल्यावर ते बाहेर आले.

उपाय, मासे पकडायचा तंगूस. दुकानात गेले आणि “बारीक नायलॉनचा दोरा” म्हणाले, तर दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. नायलॉन मांजाला बंदी आहे, संक्रांत नुकतीच झालेली. शिक्षिका आहे, प्रयोगाला हवाय, हे सांगितल्यावर आतून गळाचं सामान काढलं. साठ रुपयांचं रीळ. आमच्याकडच्या काट्यावर तीन मीटर ठेवला तर आकडाच येत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

तंगूसाची साधी गाठ सुटते. मला हे माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडून कळलं. नख काळंनिळं.

संध्याकाळी परत त्याच दुकानदाराकडं. त्यानं गळ बांधतात तशी गाठ शिकवली. टोक ओवायचं, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे घ्यायचे, टोक परत पहिल्या फटीतून काढायचं, थुंकी लावून हळू ओढायचं. कोरडी ओढली तर तंगूस घासून कमजोर होतो. झाकणाला भोक, आत वॉशर, वॉशरला ही गाठ. त्यानंतर एकदाही सुटली नाही. खाली गोणपाटाची घडी ठेवली ती कायमची.

८ फेब्रुवारी, शनिवार

धक्का देऊन चालत नाही. प्रत्येक मुलाचा धक्का वेगळा, आणि मुलं म्हणतात “बाई, तुमच्या धक्क्याचं बल अजून आत आहे.” हा समज ‘संतुलित म्हणजे थांबलेलं’पेक्षाही चिवट आहे. म्हणून धक्का हातानं द्यायचाच नाही. ॲटवुडची युक्ती वापरली: जास्तीचं वजन वर ठेवून गती द्यायची आणि वाटेतच ते वजन काढून घ्यायचं.

खिडक्यावाल्याकडून ॲल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा, साडेबारा सेंटीमीटर लांब, २० ग्रॅम. मधे करवतीनं खाच, म्हणजे ती तंगूसाला मधे घेऊन झाकणावर आडवी बसते. खाली वाटेत कडी लावायची. बाटली कडीतून आरपार जाईल, पट्टी कडीवर अडकून राहील.

कडी म्हणून आधी माझी काचेची बांगडी. बाटली डोलत आली, बांगडीला लागली, बांगडी फुटली. मग चार इंची भरतकामाची लाकडी रिंग, पन्नास रुपये. भरपूर जागा. ती स्टूलला बांधलेल्या काठीवर बसवली. पट्टी उडून एकाच्या डोक्यात पडली म्हणून रिंगवर फोमची टेप लावली.

सोडायची पद्धत: पट्टीची बाटली वर, दुसरी जमिनीवर. जमिनीवरची दाबून धरायची आणि नुसता हात काढायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भिंतीवर खडूच्या तीन रेघा. पहिली रिंगच्या पातळीला, सुटण्याच्या जागेपासून ६० सेंटीमीटर खाली. दुसरी तिच्या खाली ५० सेंटीमीटर, तिसरी आणखी ५०. मुलांनी मोबाइलच्या स्टॉपवॉचनं मोजलं. एकाच वेळेला चार मुलांचे चार आकडे, पाऊण सेकंदापासून दीडपर्यंत. सोडून दिलं.

त्याऐवजी व्हिडिओ काढला. सेकंदाला ३० चित्रं. एकेक चित्र पुढं सरकवून मोजायचं. मोबाइल मधल्या रेघेच्या उंचीला स्टूलवर ठेवा, हातात धरू नका.

रिंगनंतरचे पहिले ५० सेंटीमीटर: ३३ चित्रं. पुढचे ५०: ३८.

म्हणजे बाटली मंदावतेय. मुलांचे चेहरे ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना’ असे. बल काढून घेतलं की वस्तू थांबायला लागते, झालं सिद्ध! मी त्यांना विचारलं, रिंगनंतर बाटल्या सारख्या आहेत, मग मंदावतंय कोण? बराच वेळ कोणी बोललं नाही. गोट्यांच्या वेळचा तो मागच्या बाकावरचा म्हणाला, “रोलर.”

“मग रोलरला जेवढं लागतं तेवढं देऊन टाकू.” हे पण त्याचंच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

किती द्यायचं? हलायला ६ ग्रॅम लागतात म्हणून खाली जाणाऱ्या बाटलीला ६ ग्रॅमचे वॉशर चिकटवले. तर आता ती रिंगनंतर किंचित वेग घेते. घोटाळा असा की थांबलेलं हलवायला जास्त लागतं, हलतं ठेवायला कमी. म्हणून बोटानं हलकी हलवून, न थांबता जात राहील असं वजन शोधलं. चार ग्रॅम. रुपयाचं नाणं काट्यावर ठेवलं तर ४ दाखवतो, म्हणून नाणंच टेपनं चिकटवलं.

आता पट्टी ठेवली, सोडली. बाटली वेग घेत खाली. रिंगवर *टक्*. पट्टी तिथंच, बाटली पुढं. त्या *टक्* नंतर ती थांबली नाही, अडखळली नाही, पळाली पण नाही. जशी होती तशी जात राहिली.

२८ चित्रं. आणि पुढची २८.

मुलांनी तीनदा मोजायला लावलं. एकदा २८ आणि २९ आले. मग रिंग काढून टाकली, म्हणजे पट्टी शेवटपर्यंत बाटलीवर राहते. तेव्हा २४ आणि १९. फळ्यावर मी काहीच लिहिलं नाही, दोन्ही आकडे शेजारीशेजारी त्यांनीच लिहिले. एक पोरगी पुन्हा पुन्हा पट्टी ठेवून सोडत होती, डोळे मिटून, नुसतं *टक्* ऐकायला. तिचं म्हणणं, टक् होण्याआधी ओढणारं बल जास्त आहे, टक् नंतर बरोबरीत आहे, आणि हे कानाला कळतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मधल्या सुटीनंतर रस्सीखेच. हे नेहमीचंच, म्हणून थोडक्यात. एक गट बुटांवर, एक मोज्यांवर, वर्गातल्या फरशीवर. मोजेवाले मुलगे दांडगे असूनही हरले. दोर काही हातानं जिंकता येत नाही, पायाखालची जमीन जिंकून देते. मधला रुमाल काही वेळ हळूहळू एका चालीनं सरकत होता, तेव्हा आठवीतली दोघं ओरडली, “आता संतुलित! आता संतुलित!” पंच म्हणून उभ्या असलेल्या आमच्या सरांना काही कळेना.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. पालक आले. यंत्र सकाळी नीट चाललंच नाही. रात्रभर व्हरांड्यात टांगलेलं होतं, रोलरमध्ये धूळ बसली. चाळीस आणि पन्नास चित्रं. घाईघाईत पेट्रोलनं पुसून, तेल लावून साडेअकराला सुरू झालं. अर्धे पालक तोवर निघून गेले होते. रोलर वापर झाल्यावर काढून पिशवीत ठेवायचे, हे इथं लिहून ठेवते.

थांबलेल्या पालकांत सातवीतल्या एकाचे वडील होते, एस.टी.वर चालक. त्यांना मुलांनी पहिल्या दिवसाचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, “सपाटीला टॉप गिअर पडला की पाय नुसता ठेवलेला असतो. काढला तर गाडी मंदावते, दाबला तर पळते. मधे एक जागा असते, तिथं पाय धरला की ती तशीच राहते.”

टक् ऐकणारी मुलगी बाटलीवरच्या नाण्याकडं बोट दाखवून म्हणाली, “म्हणजे हा रुपया काकांचा पाय.”

काका हसले. त्यांना काय कळलं माहीत नाही, आम्हाला कळलं.

खर्च सगळा अकराशे रुपये. लोखंडी कप्पी १४०, डिजिटल काटा ३८० आणि बुशवाले रोलर ४०, हे ५६० वाया. खोक्याची पावडर ४०, ताणकाटे ३००. नुसतं बाटल्यांचं यंत्र करायचं असेल तर रोलर ९०, तंगूस ६० आणि रिंग ५०, एवढ्या दोनशे रुपयांत होतं. वेळ मात्र आठ आठवडे, त्यातले निदान चार माझ्या चुकांचे.

अजून एक राहिलंय. व्हरांड्यात वारा आला की बाटल्या डोलतात आणि पट्टी रिंगवर तिरकी बसते. पावसाळ्याआधी यंत्र वर्गात हलवायचं, पण वर्गाच्या छताला हूक नाही. गवंडीकाम करणारे ते पालक पुढच्या रविवारी येतो म्हणालेत.